जुनाट पोट, एकच ताट

नागपूरहून जबलपूर रस्त्याला लागलं की कामठी येते आणि नदीवरचा पूल ओलांडला की कन्हान. पारशिवनी तालुक्यातलं हे गाव आता नगरपरिषदेचं झालं आहे. आजूबाजूला वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) कोळसा खाणी, कामगारांच्या वसाहती आणि रामटेककडे फुटणारी रेल्वे लाइन. कुत्री पाळणारी घरं इथे भरपूर. क्वार्टरच्या फाटकाशी जर्मन शेफर्ड, लगतच्या पिपरीच्या गल्लीत गावरान कुत्रं, नव्या फ्लॅटमध्ये लॅब्रेडॉर, आजीच्या खाटेखाली पॉमेरियन. कुणाच्या ताटात दूध-पोळी असते, कुणाच्या चिकन-भात, कुणाच्या दुकानातले दाणे. पण यातल्या काही घरांची तक्रार अगदी सारखी असते: याचं पोट काही सुधारत नाही.

अशा घरातला क्रमही ठरलेला असतो. जुलाब लागतात. मेडिकलमधून गोळी येते. चार दिवस बरं वाटतं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मग कुणी दही-भात सुचवतो, कुणी दाण्यांची कंपनी बदलायला सांगतो, कुणी जंताचं औषध देतो. महिन्याभरात ताट चारदा बदलतं, औषधं पाच होतात आणि नेमकं कशानं बिघडलं, कशानं सुधारलं, हे कुणालाच सांगता येत नाही. कुत्रा मात्र हाडकुळा होत जातो.

या प्रकरणात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. जुनाट पोटाच्या कुत्र्याला सतत नवं काहीतरी देऊन उपयोग होत नाही. नीट निवडलेलं एकच ताट काही आठवडे न बदलता देणं, हा त्याच्यावरचा सर्वांत मोठा उपचार आहे. आणि हा उपचार डॉक्टर करू शकत नाही. तो घरानंच करावा लागतो.

जुनाट कशाला म्हणायचं

कचऱ्यातलं काही खाल्लं, लग्नाच्या पंगतीतलं उरलंसुरलं पोटात गेलं, की कुत्र्याला एक-दोन दिवस जुलाब होतात. धडधाकट मोठ्या कुत्र्याचे असे जुलाब बहुतेक वेळा थोड्या पथ्यानं आणि भरपूर पाण्यानं आपोआप थांबतात. पण तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ पातळ शी, उलट्या, पोटात गुरगुर, भूक कमी-जास्त होणं किंवा वजन उतरणं चालू असेल, किंवा हे सारं थांबून थांबून पुन्हा उद्भवत असेल, तर तो आजार जुनाट. त्याचा विचार निराळा करावा लागतो. तिथे आजचे जुलाब थांबवण्यापेक्षा ते परत का येतात, हे शोधणं महत्त्वाचं ठरतं.

शी पाहायला शिका

हा विषय टाळून पुढे जाता येत नाही. दवाखान्यात डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात आणि बहुतेक जण उत्तर देतात, "पातळ होते." तेवढं पुरत नाही.

दिवसातून दोन-तीनदाच, पण ढीगभर शी होत असेल, वजन उतरत असेल, पोट गुरगुरत असेल, तर बिघाड बहुधा लहान आतड्यात असतो. अन्नातला कस तिथेच शोषला जातो, म्हणून कुत्रा खाऊनही वाळतो. शी डांबरासारखी काळी आणि चिकट असेल, तर जठरात किंवा लहान आतड्यात रक्त झिरपत आहे असं समजावं. याउलट कुत्रा दिवसातून सहा-आठ वेळा बसतो, कुंथतो, दर वेळी चमचाभरच होते, तिच्यावर आव असते, कधी ताज्या लाल रक्ताचा थेंब असतो आणि वजन मात्र टिकून असतं. असं असेल, तर बिघाड मोठ्या आतड्याकडे आहे. दोन्ही प्रकारांची लक्षणं एकत्रही दिसू शकतात.

शीचं मोजमाप करायला पशुवैद्यक एक ते सात अशी श्रेणी वापरतात. एक म्हणजे खडे, सात म्हणजे निव्वळ पाणी. आकार धरून असलेली, उचलली तर जमिनीवर फारसा डाग न ठेवणारी दोन किंवा तीन क्रमांकाची शी उत्तम. रोज सकाळी हा एक आकडा वहीत लिहिलात, तर महिन्याभरानं तुमच्याकडे जी माहिती असेल, ती कोणत्याही महागड्या तपासणीतून मिळणार नाही.

आधी काय तपासून घ्यायचं

आहाराकडे वळण्याआधी काही कारणं बाजूला काढावी लागतात, नाहीतर उत्तम पथ्यही वाया जातं.

पहिलं कारण जंत आणि जिआर्डिया. नदीकाठी, नाल्यात, डबक्यात तोंड घालणाऱ्या कुत्र्याला जिआर्डिया हा सूक्ष्म परजीवी सहज लागतो. तो शीतून रोज बाहेर पडत नाही, म्हणून एका नमुन्यात सापडला नाही तरी निर्धास्त होता येत नाही. वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने तपासावेत. नमुना ताजा हवा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या उन्हात सकाळची डबी दुपारी प्रयोगशाळेत पोचवली तर तिचा उपयोग राहत नाही. घट्ट झाकणाच्या डबीत नमुना घ्या, बाजूला बर्फाची पिशवी ठेवा, गोठू देऊ नका आणि काही तासांत पोचवा. जिआर्डिया निघाला तर औषधाइतकीच स्वच्छताही महत्त्वाची असते. भांडी उकळत्या पाण्यानं धुवा, शी लगेच उचला, औषधाचा कोर्स संपताना कुत्र्याचा मागचा भाग शाम्पूनं धुवा. नाहीतर स्वतःच्या केसांतूनच त्याला पुन्हा लागण होते. मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्यावं, हेही इथेच सांगून ठेवतो. अंकुशकृमी आणि गोलकृमी माणसांनाही त्रास देतात आणि अंगणात मातीत खेळणारी मुलं घराघरांत आहेत.

दुसरं, रक्ताची तपासणी. यकृत, मूत्रपिंड बिघडलं तरी उलट्या-जुलाब होतात. गोचिडांमुळे होणारा ताप आपल्या भागात नेहमीचा आहे. त्यात रक्तातल्या प्लेटलेट्स घटतात आणि शीतून रक्त जाऊ शकतं. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी आलं, तर आतड्यातून प्रथिनं गळत असल्याची शंका घ्यावी लागते, आणि तो आजार गंभीर असतो. कधी कधी कुत्रा ढेपाळतो, सलाइन लावलं की टवटवीत होतो आणि काही दिवसांनी पुन्हा तसाच पडतो. असं वारंवार होत असेल तर मूत्रपिंडाशेजारच्या अधिवृक्क ग्रंथींचा ॲडिसन नावाचा आजार तपासून घ्यायला सांगा. तो पोटाच्या आजारासारखाच दिसतो आणि वेळेत ओळखला नाही तर जीव घेतो.

तिसरं कारण जर्मन शेफर्ड पाळणाऱ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावं. कुत्रा बकाबका खातो, शीसुद्धा खायला जातो आणि तरी दिवसेंदिवस सुकत जातो. शी भरपूर, पिवळट, तेलकट. हे स्वादुपिंडाचे पाचक रस आटल्याचं लक्षण असू शकतं. स्वादुपिंडाची जवळपास ९० टक्के क्षमता गेल्यावरच ही लक्षणं दिसू लागतात. या जातीत हा आजार जास्त आढळतो. टीएलआय नावाच्या एका रक्ततपासणीत तो ओळखू येतो. उपचार सोपा आहे: पाचक रसांची पावडर प्रत्येक जेवणात मिसळायची, ती मात्र आयुष्यभर. या कुत्र्यांत बी १२ जीवनसत्त्वही बहुधा कमी असतं आणि ते भरून काढावं लागतं. अशा कुत्र्याला महिनोन्‌महिने जंताची औषधं पाजत राहणं हा त्याच्यावर अन्यायच आहे.

कन्हानकरांसाठी सोयीची गोष्ट अशी, की नागपूरला सेमिनरी हिल्स भागात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. १९५८ साली ते सुरू झालं आणि २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठात आता ते येतं. त्याचा शिकवणीचा दवाखाना आहे. ढोरांचा दवाखाना म्हणून तिकडे पाठ फिरवू नका. जिथे निरनिराळ्या विषयांचे शिक्षक एका आवारात बसतात, तिथे गुंतागुंतीच्या केसचा विचार चारी बाजूंनी होऊ शकतो.

कुत्र्याच्या पोटाला काय चालतं

दोन समज इथे आड येतात. एक, कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला कच्चं मांसच हवं. दुसरा, कुत्रा म्हणजे घरातलं माणूसच, आपण खातो ते त्याला चालतं.

पहिल्या समजाला २०१३ साली 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या स्वीडनमधल्या एका संशोधनानं चांगलं उत्तर दिलं. पिष्ट पचवणारा रस तयार करणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोन असतात. कुत्र्यांत त्या ४ पासून ३० पर्यंत आढळल्या. माणसाच्या शेतीशेजारी हजारो वर्षं राहताना कुत्र्याचं पोट धान्याला सरावलं. म्हणून नीट शिजवलेला भात बहुतेक कुत्र्यांना पचतो. मात्र कुत्र्याच्या लाळेत पिष्ट पचवणारा रस जवळपास नसतो. सारं काम स्वादुपिंडावर पडतं. त्यामुळे भात मऊच शिजवायला हवा. कचवट भात आजारी आतड्याला जड जातो.

दुसऱ्या समजानं जास्त नुकसान होतं, कारण त्याच्यामागे माया असते. भाकर पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती माया आपल्यात असावीच. पण पोट बिघडलेल्या कुत्र्याला तूप सोसत नाही. रविवारच्या सावजी मटणाचा उरलेला रस्सा भातावर ओतला, तर त्या एका ताटात चार संकटं एकत्र येतात. वर तरंगणारी तेलाची तर्री. जादा चरबीनं स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. त्यात वाटलेला कांदा आणि लसूण; हे दोन्ही कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, शिजवले तरी. तिखट-मसाला, जो सुजलेल्या आतड्याला झोंबतो. आणि शिजलेली हाडं, जी चावताना टोकदार तुकडे होऊन अन्ननलिकेत किंवा आतड्यात रुततात. द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट तर निरोगी कुत्र्यालाही देऊ नयेत.

दुधाचंही तसंच. पिल्लू आईचं दूध पचवतं; मोठं झाल्यावर दुधातली साखर पचवण्याची ताकद बऱ्याच कुत्र्यांत घटते. दूध-पोळीवर वाढलेल्या कुत्र्याची शी कायम सैल असेल, तर आधी दूध बंद करून पाहा. दह्यात ती साखर कमी असते, म्हणून काहींना ते चालतं. पण दुधातल्या प्रथिनाचंच ज्याला वावडं आहे, त्याला दहीही नको आणि पनीरही नको.

इवान पाव्हलॉव्ह हे नाव घंटा वाजवली की लाळ गाळणाऱ्या कुत्र्यांमुळे सर्वांना माहीत असतं. पण १९०४ सालचं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी, आणि ते काम मुख्यतः कुत्र्यांवरच झालं होतं. अन्न जठरात पोचायच्या आधीच, नुसतं दिसलं, चावलं गेलं, तरी जठर रस सोडू लागतं, हे त्यांनी दाखवलं. त्या कुत्र्यांनी सोसलेल्या वेदनांतून आलेलं हे ज्ञान आज कुत्र्यांच्याच उपयोगी पडावं. जेवणाच्या वेळा ठरलेल्या ठेवा, खाताना त्याला हाकलू-ओरडू नका, दुसरा कुत्रा जवळ बांधू नका, आणि एकदम मोठं ताट देण्याऐवजी दिवसातून तीन-चार लहान ताटं द्या.

ताट कसं निवडायचं

जंत नाहीत, रक्ताचे अहवाल बरे आहेत, कुत्रा खातो-पितो आहे, आणि तरी पोट चालत नाही. अशा कुत्र्यांपैकी निम्म्याहून अधिक कुत्री केवळ आहार बदलून सुधारतात, हा जगभरच्या पशुवैद्यकांचा अनुभव आहे. म्हणून दुर्बिणीनं आतडं पाहण्याआधी आणि स्टिरॉइड सुरू करण्याआधी आहाराची चाचणी घ्यावी.

तिचं तत्त्व साधं. कुत्र्याचं वावडं बहुतेक वेळा अन्नातल्या एखाद्या प्रथिनाशी असतं, आणि ते त्यानं आजवर खाल्लेल्याच प्रथिनाशी असतं. बाहेरच्या देशांतल्या कुत्र्यांत गोमांस, दूध, चिकन आणि गहू ही कारणं सर्वाधिक आढळली आहेत. आपल्याकडे ताटात रोज दूध, पोळी आणि चिकन असतं, म्हणजे संशय आधी त्यांच्यावरच घ्यायला हवा. पोट बिघडलं की आपण हमखास चिकन-भाताकडे वळतो. पण ज्या कुत्र्याला चिकन सेंटरमधल्या पाय-मुंडक्यांवरच वाढवलं आहे, त्याला पथ्य म्हणूनही चिकन दिलं, तर चाचणी सुरू होण्याआधीच फसली.

म्हणून आधी बसून यादी करा: यानं जन्मापासून काय काय खाल्लं? त्या यादीत नसलेलं एक प्रथिन आणि त्याच्या जोडीला एक पिष्ट निवडा. कन्हान-कामठीच्या बाजारात मिळणारा रोहू किंवा कटला बऱ्याच कुत्र्यांसाठी नवा असतो. मांस-मासे न शिजवणाऱ्या घरात, कुत्र्यानं आधी खाल्लं नसेल तर, उकडलेलं अंडं चालेल. तेही नको असेल तर डॉक्टरांकडून तयार आहार घ्यावा. त्यात प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात, की आतड्याला ते ओळखूच येत नाहीत. तो महाग पडतो, पण उत्तर मिळण्यापुरते दोन-तीन आठवडे तो दिला, तर महिनोन्‌महिने चालणारा वायफळ खर्च वाचू शकतो. पिष्टासाठी भात बहुतेकांना चालतो; भातावरच संशय असेल तर उकडलेलं रताळं.

दहा किलोच्या, फारसा न धावणाऱ्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० ते ६५० कॅलरी लागतात. त्यासाठी पाऊण ते एक वाटी, म्हणजे सुमारे ८० ते ९० ग्रॅम कच्चा तांदूळ मऊ शिजवा. काटे काढलेला २५० ग्रॅम रोहू, एक लहान चमचा तेल आणि थोडं उकडलेलं तांबडं कोहळं घाला. मासा नुसत्या पाण्यात शिजवायचा, हळद-मीठही नको. रोहूचे बारीक काटे मांसात दडलेले असतात. शिजलेला मासा परातीत पसरवून चिमटी-चिमटीनं कुस्करावा आणि प्रत्येक चिमूट बोटांत चाचपून पाहावी. हे काम वेळखाऊ आहे, घाईत करायचं नाही. उन्हाळ्यात हे अन्न बाहेर तासाभराहून जास्त ठेवू नका. दिवसाचे भाग करून फ्रीजमध्ये ठेवा आणि देताना कोमट करा. जुन्या आहारावरून नव्यावर तीन-चार दिवसांत या, एकदम नको.

एक इशारा इथेच. हे ताट चाचणीपुरतं आहे, तेही मोठ्या कुत्र्यासाठी. वाढत्या पिल्लाला डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ते देऊ नये. २०१३ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठानं घरगुती आहाराच्या २०० पाककृती तपासल्या, तेव्हा ९५ टक्के पाककृतींत किमान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. मासा-भातात कॅल्शियम, जस्त, तांबं, ड आणि ई जीवनसत्त्वं पुरेशी नसतात. दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण पाऊण ग्रॅम कॅल्शियम लागतं. अंड्याचं कवच धुऊन, भाजून केलेली बारीक पूड सुमारे दोन ग्रॅम घातली तर ती गरज भागते. पण बाकीचे घटक पुडीनं येत नाहीत. हेच ताट पुढे महिनोन्‌महिने द्यायचं ठरलं, तर डॉक्टरांकडून खनिज-जीवनसत्त्वांचं मिश्रण वजनानुसार ठरवून घ्यायलाच हवं.

सगळं घर एका बाजूला

आहाराची चाचणी फसते ती सहसा ताटामुळे नाही, तर ताटाबाहेरच्या घासांमुळे. सकाळच्या चहाबरोबरचं ग्लुकोज बिस्कीट, ज्यात गहू आणि दूध दोन्ही असतं. मुलाच्या हातून पडलेला पोळीचा तुकडा. शेजारच्या काकूंनी मायेनं दिलेली कालची भाजी. गल्लीतल्या कुत्र्यांसाठी ठेवलेलं भांडं. फिरायला नेताना चिकन सेंटरच्या मागे सापडलेलं आतडं. आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे औषधं: गोचिडांवरच्या, जंतांवरच्या चघळायच्या गोळ्यांत आणि चविष्ट सिरपांत मांसाचा स्वाद घातलेला असतो. चाचणी सुरू असताना अशा गोळ्यांना पर्याय काय, हे डॉक्टरांना विचारा.

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना आधी विश्वासात घ्या. कुत्रा पुढ्यात येऊन बसला की त्याला काही न देता जेवणं त्यांना जड जातं, आणि तो त्यांचा दोष नाही. त्यांच्या हाती त्याच आहारातले कोहळ्याचे किंवा रताळ्याचे उकडलेले तुकडे द्या; देण्याचं समाधान त्यांनाही मिळेल आणि पथ्यही मोडणार नाही. शेजाऱ्यांना स्पष्ट सांगा. बाहेर नेताना मोकळं सोडू नका, गरज पडली तर तोंडाला जाळी लावा. दोन-तीन आठवड्यांचाच प्रश्न आहे.

कारण अन्नच असेल, तर पोटाची लक्षणं बहुधा दोन आठवड्यांत सुधारू लागतात. सुधारली तर तोच आहार काही महिने चालू ठेवा, मग एका वेळी एकच जुना पदार्थ आठवडाभर देऊन पाहा. पोट बिघडलं तर गुन्हेगार सापडला, नाही बिघडलं तर तो पदार्थ सुटला. दोन आठवड्यांत फरकच पडला नाही, तर दुसऱ्या प्रकारचा आहार करून पाहावा: कमी चरबीचा किंवा जास्त चोथ्याचा. मोठ्या आतड्याच्या तक्रारीत चोथा विशेष उपयोगी पडतो. इसबगोल पाण्यात भिजवून, फुगल्यावर, लहान चमच्यानं सुरुवात करून जेवणात मिसळतात. प्रमाण कुत्र्याच्या वजनावर ठरतं, म्हणून ते डॉक्टरांकडूनच घ्यावं.

गोळ्यांविषयी

मेट्रोनिडॅझोल ही गोळी आपल्याकडे जुलाबावर सहज दिली जाते. तिनं शी लवकर घट्ट होते, हे खरं. पण ती आतड्यातल्या उपयोगी जीवाणूंचीही मोडतोड करते आणि ती घडी पुन्हा बसायला कित्येक आठवडे लागू शकतात. अँटिबायोटिकनं सुधारलेली जुनाट पोटाची बरीच कुत्री गोळी बंद होताच परत बिघडतात. म्हणून जाणकार आता आहार आधी आणि अँटिबायोटिक अगदी शेवटी, असा क्रम सांगतात. माणसांच्या डब्यातल्या गोळ्या तर देऊच नका. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जठरात अल्सर करतात, मूत्रपिंड निकामी करू शकतात. पॅरासिटॅमॉलही घातक ठरतं.

आहारानं भागलं नाही, तर आतड्याची सूज शमवणारी स्टिरॉइड्स लागतात. ती घाबरण्यासारखी नसतात, पण मनानं सुरू करायची नसतात आणि एकाएकी बंदही करायची नसतात. डोस पायरी-पायरीनं उतरवावा लागतो. बी १२ कमी आढळलं तर त्याची इंजेक्शनं किंवा गोळ्या काही आठवडे घ्याव्या लागतात, कारण ते कमी असताना बाकीचे उपचारही नीट लागू पडत नाहीत.

कधी थांबायचं नाही

वर सांगितलेली सगळी सबुरी खात्या-पित्या, चालत्या-फिरत्या कुत्र्यासाठी आहे. पिल्लाला उलट्या-जुलाब लागले, मोठ्या कुत्र्यानं दिवसभर अन्न-पाण्याला तोंड लावलं नाही, हिरड्या पांढऱ्या पडल्या, शी काळी किंवा रक्ताळलेली झाली, पोटात किंवा पायांत पाणी साठल्यासारखी सूज आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मोठ्या छातीच्या कुत्र्याचं पोट फुगलं आहे, तो ओकाऱ्या काढतो आहे पण बाहेर काहीच पडत नाही, असं दिसलं तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, निघा. जठराला पीळ पडला असेल तर हातात थोडेच तास असतात.

वजनाकडेही असंच लक्ष ठेवा. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, फरक लिहा. दर आठवड्याला एकाच वारी. दहा किलोच्या कुत्र्याचं एक किलो वजन उतरलं, तर ते दुर्लक्ष करण्याजोगं नाही. केसाळ कुत्र्याचं वाळणं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून फासळ्यांवरून तळहात फिरवा. फासळ्या हलक्या हाताला लागाव्यात, पण टोचू नयेत.

पुढचं आयुष्य

काही कुत्री चाचणीनंतर पूर्ण बरी होतात. काहींचं पोट आयुष्यभर नाजूक राहतं. वर्षातून एखाद-दोनदा बिघडतं आणि पुन्हा सावरतं. हा तुमचा पराभव नाही. मधुमेहाचा माणूस पथ्य सांभाळून सुखानं जगतो, तसं हेही कुत्रं जगू शकतं. त्याला हवं असतं ठरलेल्या वेळी ठरलेलं ताट, स्वच्छ पाणी, वेळच्या वेळी जंताचं औषध आणि त्याच्या वहीत रोज एक ओळ लिहिणारं घरातलं एक माणूस. दाण्यांचं पोतं वापरत असाल तर ते पावसाळ्यात उघडं ठेवू नका आणि बुरशी आलेले दाणे फेकून द्या. त्या बुरशीचं विष यकृत खराब करतं.

आज हे वाचून झाल्यावर दोनच कामं करा. एका वहीत आपल्या कुत्र्यानं आजवर खाल्लेल्या पदार्थांची यादी लिहा आणि आजच्या तारखेपुढे त्याचं वजन. मग ती वही घेऊन पशुवैद्यकाकडे जा आणि त्यांच्याबरोबर बसून एकच ताट ठरवा. ठरलं की घरातल्या प्रत्येकाला सांगा, की पुढचे तीन आठवडे याच्या तोंडात दुसरा घास जाणार नाही. आपल्याला काय सोसत नाही, हे कुत्र्याला सांगता येत नाही. ते शोधून काढायची जबाबदारी आपलीच आहे.